कार्बनभाऊ

नागपुरात नवी गाडी घेतली की ती तीन ठिकाणी दाखवावी लागते: टेकडीच्या गणपतीला, घरातल्या मोठ्यांना आणि कार्बनभाऊंना. गणपती काही बोलत नाही. मोठी माणसं रंगावर बोलतात. कार्बनभाऊ बॉनेटवर हात ठेवून हळूच विचारतात, “डायरेक्ट इंजेक्शन आहे का जी?”

‘हो’ म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. ‘माहीत नाही’ म्हटलं तर आणखीच उजळतो.

असा एक कार्बनभाऊ धरमपेठेत असतो, महालात असतो, मानेवाड्यातही असतो. आमचे पन्नाशी उलटलेले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च. नोकरी अशा खात्यात, की इंजिनाशी संबंध साहेबांच्या जीपला दार उघडण्यापुरता. स्वतःची गाडी जुनी मारुती 800, कार्बोरेटरवाली. तिच्यात पेट्रोल हवेत मिसळूनच व्हॉल्व्हवरून आत जातं. म्हणजे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याच्या ज्या रोगाची धास्ती ते गावाला घालतात, तो त्यांच्या गाडीला व्हायचाच नाही. एवढ्या निरोगी माणसाने दुसऱ्यांच्या प्रकृतीची काळजी नाही वाहायची तर कुणी वाहायची?

सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर त्यांचा दवाखाना उघडतो.

“हे पाहा भाऊ. साध्या गाडीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागं राहते. पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जाते, पाठ धुवून निघते. तुमच्या गाडीत इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत. व्हॉल्व्हच्या पाठीले पेट्रोलचा थेंब लागत नाही. अन् क्रँककेसमधली तेलाची वाफ मात्र हवेसोबत तिथूनच जाऊन राहिली. गरम व्हॉल्व्हवर बसते, भाजते, काजळी धरते. हा तर्रीचा गंज न घासता रोज चुलीवर चढवला, तर काठाले काय होईल?”

“रोज घासतो आम्ही!” ठेलेवाला भडकतो.

पंचाईत ही, की कार्बनभाऊ खोटं बोलत नाहीत. थेट सिलिंडरात पेट्रोल सोडायची युक्ती मर्सिडीजने 1954 सालीच 300 एसएलमध्ये आणली होती. मित्सुबिशीने 1996 मध्ये तिला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची जोड देऊन घरगुती गाडीत बसवलं. आपल्याकडे 2019 मध्ये व्हेन्यू आणि सेल्टोसच्या टर्बो पेट्रोल गाड्या आल्या आणि ही युक्ती गल्लीत येऊन उभी राहिली. पेट्रोल आतच फवारलं की आतली हवा थंड होते, दाब जास्त ठेवता येतो, लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. किंमत मोजतो तो व्हॉल्व्ह. टोयोटाने काही इंजिनांत आत आणि बाहेर दोन्हीकडे इंजेक्टर बसवले, ते उगाच नाही. ही बातमी सांगताना कार्बनभाऊंचा आवाज असा होतो, की जपानहून पत्र त्यांनाच आलं असावं.

ज्ञान खरं, पण मात्रा जबर. सकाळी शेजाऱ्याची गाडी जरा थरथरली की यांचा दात घासणारा हात थांबतो. पिकअप कमी? कार्बन. अॅव्हरेज पडलं? कार्बन. एसी गार होत नाही? “इंजिनावर लोड आहे,” म्हणजे पुन्हा कार्बन. फक्त पंक्चरच्या वेळी ते गप्प बसतात, तेही नाइलाजाने.

उपाय सुचवणाऱ्यांचीही त्यांच्यापुढे डाळ शिजत नाही. कुणी टाकीत औषधाची बाटली ओतायचं म्हटलं की, “टाकीतलं सिलिंडरात जाईल. व्हॉल्व्हले कसं भेटणार?” कुणी समृद्धीवरून शिर्डीपर्यंत 120 ने गाडी खेचून आणतो म्हटलं की, “जा, दर्शन घ्या. बसलेला कार्बन तेवढ्यानं उठत नाही.” मात्र धरमपेठ ते बर्डी एवढीच रोज गाडी काढणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. एवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही.

“मे महिन्यात, नागपुरात, तापत नाही?”

“पंचेचाळीसनं माणूस तापते जी. ऑइलले नव्वद लागते!”

त्यांच्या मते खरा इलाज एकच: मॅनिफोल्ड उतरवायचा, व्हॉल्व्ह बंद ठेवायचे आणि हवेच्या जोराने अक्रोडाच्या टरफलांचा भरडा मारायचा. काजळी सुटते, धातूला ओरखडा येत नाही. हे ऐकून एका वहिनींनी घरच्यांकडे पाहिलं. “आम्ही बाळंतपणात चार अक्रोड मागितले तर महाग होते.”

“टरफलं, वहिनी, टरफलं!”

इतकं सगळं असून कार्बनभाऊ मनातून दुःखी होते. गाड्या चालतच होत्या. लोक वेळेवर ऑइल बदलत आणि रोग बळावायच्या आत गाडीच विकून टाकत. निदान होतं, रोगी हाती लागत नव्हता.

मग एका घरी जुनी विदेशी गाडी आली, सेकंडहँड. सकाळी थंडीत मिसिंग मारू लागली. मिस्त्रीने मॅनिफोल्ड खोलला, तेव्हा मालकाच्या आधी कार्बनभाऊ हजर. टॉर्च लावली. आत काळेकुट्ट व्हॉल्व्ह! मालकाचा चेहरा पडला. कार्बनभाऊंनी दुखवट्याला साजेसं तोंड केलं, पण ते टिकेना. त्या दिवशी ठेल्यावरच्या सगळ्यांच्या पोह्यांचे पैसे त्यांनी दिले, जे त्यांच्या घरच्या लग्नातही घडलं नव्हतं. मिस्त्रीकडून खरवडलेली काजळी मागून घेतली, पुडी बांधली, खिशात टॉर्चशेजारी ठेवली. गल्लीत तिला आता अंगाऱ्याचा मान आहे.

परवा एकाने इलेक्ट्रिक गाडी आणली. कार्बनभाऊंनी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ वाकून पाहिलं.

“व्हॉल्व्ह?”

“नाही.”

“एकही?”

“पेट्रोलच नाही ना भाऊ.”

ते सरळ उभे राहिले. घाम पुसला. मग त्यांनी खिशातून पुडी काढली आणि बॉनेटवर उलगडली.

“पाहून घ्या बाप्पा, कशातून वाचले तुम्ही!”