नातवाच्या शाळेचं वर्तमान

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर संपत आलाय

ती. अण्णा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रात ‘मी, मी’ करणारा माणूस बरा दिसत नाही, ही अण्णांची शिकवण. त्यामुळे या पत्रात तुमचा मुलगा, तुमची सून आणि यंदा सहावीत गेलेला तुमचा नातू एवढीच माणसं भेटतील. ‘पोराच्या शाळेचं काही कळवत नाही’ ही तुमची तक्रार पोचली. इथे काही कळतच नाही, असं नाही. शाळा इतकं कळवते की त्यातलं तुम्हाला वैरागला काय धाडावं, हेच नवराबायकोला ठरवता येईना.

सहावी ते आठवीची इथली शाळा वेगळी असते, तिला मिडल स्कूल म्हणतात. प्राथमिक शाळेतल्या एका बाईंच्या जागी इथे सात-आठ मास्तर येतात आणि प्रत्येकाची निरोपाची चूल वेगळी. मुख्याध्यापकांचं पत्र रविवारी संध्याकाळी येतं. पालक-शिक्षक संघटनेचं सोमवारी. बँडच्या मास्तरांचं त्यांना आठवेल तेव्हा. बसचा निरोप एका अ‍ॅपवर, डब्याचे पैसे दुसऱ्यावर, गुण तिसऱ्यावर. सुनेनं यावर देशी तोडगा काढला. फ्रिजवर कालनिर्णय टांगलं आणि सगळी वार्ता त्याच्या चौकोनांत भरली. आता संकष्टीच्या चौकोनात ‘फोटो, निळा शर्ट’ आहे, एकादशीला ‘विज्ञान प्रकल्प, पुठ्ठा आणणे’ आहे आणि अमावास्येला ‘दंतवैद्याचं सर्टिफिकेट’.

एक भानगड मात्र कालनिर्णयलाही झेपली नाही. शाळेला सोमवार-मंगळवार पुरत नाहीत. तिथे ‘ए’ दिवस आणि ‘बी’ दिवस असतात. ‘ए’ला चित्रकला, ‘बी’ला व्यायाम. मध्ये सुट्टी आली की ‘बी’ सरकतो आणि बूट चुकतात. त्यामुळे घरात दात घासायच्या आधी पहिला सवाल असतो, ‘आज ए का बी?’ नातू झोपेत जे उत्तर देतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा सुनेचा नियम आहे.

सप्टेंबरात पालकांची रात्र झाली. ‘बॅक टू स्कूल नाइट’ म्हणतात तिला. तुमच्या मुलाची समजूत अशी की हॉलमध्ये सतरंजी असेल, हेडमास्तर बोलतील, चहा होईल. तसं काही नव्हतं. दारातच नातवाचं वेळापत्रक हातात दिलं. घंटा झाली की पहिल्या तासाच्या वर्गात जायचं, पोराच्या बाकावर बसायचं, दहाएक मिनिटं मास्तरांचं ऐकायचं. पुन्हा घंटा, मग दुसरा वर्ग. इथे मास्तर आपल्या खोलीत बसून राहतात आणि पोरंच तासातासाला खोल्या बदलतात, म्हणून त्या रात्री पालकांनीही बदलायच्या. गणित तळमजल्यावर, सामाजिक शास्त्र वर, जिमखाना पार पलीकडे. कोट-टाय घातलेले बाप हातात कागद धरून बोळांतून पळत होते, आणि वाटेत आठवीची पोरं स्वयंसेवक म्हणून उभी राहून त्यांना वाट दाखवत होती. तुमचा मुलगा तिसऱ्या घंटेला मुलींच्या लॉकर-रूमच्या दारापर्यंत पोचला होता. तिथून त्याला एका बारक्या पोरानं परत आणलं.

आणि सगळ्यात गंमत पुढे आहे. त्या रात्री काय वाट्टेल ते विचारा, फक्त आपल्या पोराबद्दल विचारायचं नाही! मास्तर अभ्यासक्रम सांगतात, गृहपाठाचं धोरण सांगतात, आपला ईमेल सांगतात. ‘आमचा कसा आहे?’ हा प्रश्न नोव्हेंबरातल्या भेटीसाठी राखलेला. ती भेटही इंटरनेटवर वेळ धरून पंधरा मिनिटांची. वैरागला एसटी स्टँडवर गुरुजी दिसले की अण्णांना बातमी फुकट मिळायची, तीही चार माणसांदेखत. इथे चारचौघांत पोराची इज्जत जात नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे.

विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला होता, फोन धरला की वर्षभराचा कार्यक्रम उघडतो. सगळे कौतुकानं बघत होते. तुमच्या मुलाची छाती फुगली. शेजारच्या बाकावरच्या कोरियन बापाला त्यानं सांगून टाकलं की पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं काम आमच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींनी केव्हाच केलं, २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरांतले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून दिले. कोरियन बापानं फोन खिशात ठेवून हात मिळवला. तेवढ्यात घंटा झाली.

पालकांच्या संघटनेचं प्रस्थ इथे जुनं आहे. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी वॉशिंग्टनला आयांची परिषद भरवली, त्यातून ती उभी राहिली. त्याच वर्षी आपली बार्शी लाइट रेल्वे धावायला लागली. संघटना आणि रेल्वे, दोघींचाही थांब्याथांब्याला रेंगाळण्याचा स्वभाव सारखाच असावा, कारण परवाच्या सभेत गोळ्या-बिस्किटं विकून पैसे जमवायचे की रॅपिंग पेपर विकून, यावर तास गेला. शेवटी बिस्किटं ठरली. आपल्याकडे २००९च्या कायद्यानंच शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, हे सुनेनं तिथे सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि बिस्किटांचा हिशेब तिच्याकडे दिला.

आई, तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. ओक ट्री रोडवरच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरीसोबत ती घरी रोज संपते आहे. शाळेत मात्र जात नाही. वर्गातल्या एका पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, नाव न घालता शाळेनं तसं कळवलंय, आणि ती गोष्ट इथे फार गांभीर्यानं घेतात. दाण्याचा नुसता अंश पोटात गेला तरी त्या पोराला दवाखान्यात न्यावं लागू शकतं. सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला हे पचायला जड आहे, पण नातवानंच बजावलंय की डब्यात दाण्याचा कूट चालणार नाही. साबुदाण्याची खिचडी त्यामुळे बाद. उपवास नातू करत नाही, नुसती खिचडी खातो, म्हणून देवाची हरकत नसावी.

गुणांचा प्रकार वेगळाच. मास्तरांनी चाचणीचे गुण भरले की सुनेचा फोन वाजतो, तेव्हा नातू अजून पिवळ्या बसमध्येच असतो. तो उतरून दप्तर टाकतो, ‘आज काही विशेष नाही’ म्हणतो आणि सून नुसती बघत राहते. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकायची कला, जिच्यात धाकट्या काकांनी नाव काढलं होतं, ती या पिढीत बुडाली.

ऑक्टोबरात एक आठवडा उत्साहाचा झाला. एक दिवस दोन पायांत दोन रंगांचे मोजे, एक दिवस केस विस्कटून, एक दिवस पायजमा घालून शाळेत. पायजम्याच्या दिवशी मास्तरही पायजम्यात होते. अण्णांना वेगळी तयारी करावी लागली नसती.

सगळ्याच निरोपांना हसू येत नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानं शाळेला दर महिन्याला आगीची एक आणि सुरक्षेची एक कवायत घ्यावी लागते, आणि सुरक्षेची झाली की त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत पालकांना लेखी कळवावं लागतं. दार बंद, दिवा बंद, पोरं कोपऱ्यात गप्प. बंदूकवाला आत शिरला तर काय करायचं, त्याची ही तालीम. ‘कवायत सुरळीत पार पडली’ एवढं एकच वाक्य असतं. सून ते दोनदा वाचते. संध्याकाळी नातवाला विचारलं तर म्हणतो, ‘बोअर झालं.’

परवा तुमच्या मुलानं सुनेला सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावची गोष्ट सांगितली. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. एक भोंगा, सगळ्या घरांना एकच निरोप, पासवर्ड नाही. सुनेला ते फार पटलं. एडिसनला भोंगा लावला तर दोन मिनिटांत अग्निशमन दल येईल, म्हणून बेत सोडला.

आता मुख्य काम. डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी सातला बँडचा कार्यक्रम आहे. म्हणजे वैरागला शुक्रवारी पहाटे साडेपाच. नातू क्लॅरिनेट वाजवतो, बार्शीकडच्या लग्नाच्या बँडमध्ये ती काळी नळी असते तीच. वाद्य महिन्याच्या भाड्यानं आणलंय. पांढरा शर्ट, काळी पँट, मागून दुसरी रांग, खांबाच्या डावीकडे. सून व्हिडिओ कॉल लावेल. शाळेनं पालकांना कळवलंय की पोराचं नाव घेऊन ओरडू नये, मध्येच उठून जाऊ नये आणि शेवटच्या बँडपर्यंत बसावं. तेव्हा अण्णा, तुमच्याकडचा आवाज आधीच बंद करा. दूधवाल्याला नातू दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, पण त्याच्या किटल्यांचा खडखडाट हॉलमध्ये यायला नको.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा मुलगा

ता. क. फोन चार्ज करून ठेवा. पहाटे वीज जायची सवय अजून तशीच असेल तर आत्याच्या घरी जाऊन बसा, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.