मिनियापोलिसहून, गळासकट

ती. स्व. आई-बाबांना सा. न. वि. वि.

तुमच्या चिरंजीवांनी दोन्ही नातवंडांना पहिल्यांदाच मासे धरायला नेलं. तिकडे जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात. इथे मिनेसोटात ऐन जूनमध्ये सरकारच ‘टेक अ किड फिशिंग’ वीकेंड जाहीर करतं. पंधरा वर्षांपर्यंतचं पोर सोबत असलं, तर राज्यातल्या रहिवाशाला त्या दिवसांत परवाना लागत नाही. फुकट म्हटल्यावर चिरंजीव उठलेच.

गाड्यांच्या नंबरप्लेटवर हे राज्य ‘१०,००० तळी’ असं मिरवतं. प्रत्यक्षात दहा एकर नि त्याहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. स्वतःची जाहिरात कमी करून सांगणारं गिऱ्हाईक अमेरिकेत विरळाच! त्यांतलं लेक नोकोमिस ठरलं.

आदल्या संध्याकाळी गांडुळं आली. ती इथे दुकानात दह्याच्या असतात तशा डब्यात मिळतात आणि घरीही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. रात्री सूनबाईंनी कढीसाठी डबा उघडला. पुढचं लिहीत नाही.

बाबा, तुमचा हा शेतकऱ्याचा मित्र मूळचा इथला नव्हेच. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या मुलखात गांडुळं नव्हती. ती युरोपातून वस्तीला आलेल्या लोकांबरोबर आली आणि आता जंगलातला पाचोळा फस्त करत सुटली आहेत. म्हणून उरलेलं आमिष पाण्यात किंवा झाडाखाली सोडायचं नाही, थेट कचऱ्यात टाकायचं. धाकट्याला हे पटेना. “पण ती पण आपल्यासारखी बाहेरूनच आली ना?” चिरंजीव खाली मान घालून दोऱ्याची गाठ मारत बसले.

त्यांना हवा होता वॉलआय, १९६५ पासूनचा इथला राज्यमासा. या माशाच्या डोळ्यांना अंधुक उजेडात उत्तम दिसतं, त्यामुळे तो पहाटे नि सांजेला चरतो आणि टळटळीत उन्हात खोल पाण्यात जातो. आपली मंडळी पोहे खाऊन धक्क्यावर पोचली साडेदहाला. “मी खाडीवर बाबांबरोबर पागायला जायचो,” असं शेजारच्या आजोबांना सांगत चिरंजीवांनी गळ फेकला, तो स्वतःच्याच टोपीत अडकला. पागायचं कितपत खरं, ते आई कळवतील.

मुलांचं काम त्या आजोबांनी मार्गी लावलं. बारीक गळ, त्याचा उलटा काटा पकडीने दाबून चपटा केलेला, पाण्यावर तरंगणारा लाल-पांढरा बॉबर आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. अख्खं गांडूळ लावलं तर ब्लूगिलच्या चिमुकल्या तोंडात मावत नाही, तो कुरतडून पसार होतो. ब्लूगिल म्हणजे तळहाताएवढा, पोटाला केशरी झाक असलेला मासा. पहिल्या खेपेला पोरांना हाच न्यावा. लवकर लागतो, काठाशी असतो आणि पोरं कंटाळायच्या आत बॉबर बुडतो.

थोरलीचा बुडाला. किंकाळी अशी, की पलीकडची बदकं उडाली!

जूनमध्ये ब्लूगिल काठाशी का येतो, तेही आजोबांनी सांगितलं. नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बाप करतो. त्याला उचललं तर इतर मासे अंड्यांवर ताव मारतात. थोरलीने एकदा हातातल्या माशाकडे आणि एकदा टोपी सोडवणाऱ्या स्वतःच्या बापाकडे पाहिलं. मग ओल्या हातांनी मासा पाण्यात सोडला. चिरंजीवांनी डोक्यात कालवणाचं वाटण काढून ठेवलं होतं. रात्री दुकानातल्या गोठवलेल्या पापलेटावर भागलं.

आता दोघांना हिवाळ्यात तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायचेत. चालत जायला निदान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, असं इथलं सरकारी खातं सांगतं. जानेवारीत तो सहज असतो. तेव्हा तुमची तिकिटं जुलैची काढायची की जानेवारीची, ते कळवा. नातवंडांचं मत जानेवारीला आहे, आणि बाबांसाठी कानटोपी त्यांनी आत्ताच निवडून ठेवली आहे.

कळावे,
सूनबाई