हस्कीचा हट्ट

मिनियापोलिस

ती. दादा आणि वहिनी,



ओमला दहावीला नव्वद टक्के मिळाले तर हस्की घेऊन देणार, असं तू कबूल केलंस म्हणे. पोराच्या अभ्यासावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच घाईघाईने लिहितोय.

आमच्या बर्फीचे फोटो बघून हे खूळ शिरलं, हे वहिनींनी फोनवर ऐकवलंच. पण फोटोत निळे डोळे दिसतात, आवाज येत नाही. हस्की फारसा भुंकत नाही, हेल काढून रडगाणं लावतो. मी ‘आता बाहेर नाही’ म्हटलं की बर्फी मान वर करून उलट उत्तर देते. मी आवाज चढवला की तीही चढवते, आणि शेवटचा शब्द तिचाच. हे तुमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुपारी एक ते चारमध्ये झालं, तर तळमजल्यावरचे काका पाटी लावतील आणि ती कुत्र्यासाठी नसेल.

राखणीचं म्हणशील तर विसरच. चोर आला तर बर्फी शेपूट हलवत त्याला आतली खोली दाखवील. सायबेरियातल्या चुकची लोकांनी ही कुत्री पाळली ती बर्फावरची गाडी ओढायला, माणसांवर संशय घ्यायला नव्हे. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा याच गोतावळ्यातल्या कुत्र्यांनी सुमारे १,०८५ किलोमीटर पळून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. सगळ्यांत लांबचा टप्पा मारला टोगोने, आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला शेवटी गावात शिरलेल्या बाल्टोचा. (आपल्या सत्कार समित्यांना यात काही नवल वाटणार नाही.) अशा खानदानातलं पोर दोन खोल्यांत कोंडलंस तर ते सोफा फाडणारच. पट्टा सुटला तर हाकेला ओ देणार नाही. चांदणी चौक ओलांडून पिरंगुट गाठल्यावर घर आठवलं तर आठवलं. वाटेत मांजर दिसलं तर तेही नाही.

इथे पारा उणे वीसवर जातो तेव्हा बर्फी अंगणात, बर्फातच, शेपटी नाकावर ओढून झोपते. मी दारातून कुडकुडत ‘आत ये गं’ म्हणतो. ती एक डोळा उघडते, माझ्याकडे बघते, मिटते. हे ध्यान पुण्याच्या एप्रिलात काय करेल? दिवसभर एसी, आणि फिरणं पहाटे नाहीतर रात्री. पहाटे पाचला ओम उठणार आहे? म्हणजे वहिनी उठणार. ‘केस भादरून टाकू’ असं मात्र मनातही आणू नका. वरचे राठ केस उन्हालाही आडोसा देतात, आणि एकदा भादरले की पुन्हा तसेच येतील याची खात्री नाही. आतली लव वर्षातून दोनदा झडते. त्या दिवसांत मी अंगणात फणी घेऊन बसतो आणि तासाभरात शेजारी दुसरं कुत्रं तयार होतं. तरी आमटीत केस येतोच.

ओमला कुत्राच हवा असेल तर सोसायटीच्या फाटकाशी लोळणारं एखादं पिल्लू घरी आणा. पुण्याचं ऊन त्याच्या कैक पिढ्यांनी पचवलंय. लसी टोचून घ्या, महापालिकेचा परवाना काढा, की झालं.

तुझा,
बंड्या

ता. क. : एवढ्या केसांचं करतोस काय, असं आईने विचारलं होतं. इथे काही लोक त्या लवेचं सूत कातून टोप्या विणतात. आईची मापं कळव.