पगार उतरला, राहणी उतरेना

दुबई, १५ मे

ती. सौ. आई व ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे, फक्त यांचा पगार जानेवारीपासून कमी झालाय. नोकरी आहे, काळजी नको. घरात बघून तुम्हाला पटणारही नाही, कारण खर्च अजून जुन्याच पगारावर चाललाय.

पगार वाढला तेव्हा वाढ खात्यात पडायच्या आधी मोठी गाडी दारात आली. बांगडा मागे पडला, सुरमई आली. मग तीही ‘रोजचीच’ झाली आणि रविवारी हॉटेलात जेवण सुरू झालं. परवा मी देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमधून स्वस्तात तारली आणून तिखलं केलं. धाकटा ताटात बघून विचारतो, “मासे कुठे आहेत?” आणि तुमचे चिरंजीव, ज्यांनी मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापणीतली तारली टोपलीने संपवली, ते म्हणतात, काटे फार!

थोरली कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. तिच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेच्या ड्यूझेनबेरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ सालीच हे सांगून ठेवलंय: मिळकत चढली की खर्च चढतो, उतरली की माणूस बचत मोडतो, पण चांगल्या दिवसांची राहणी सोडत नाही. त्यातून शेजारी काय घेतात यावर डोळा असतोच. १९५७ साली दुसरा अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमन म्हणाला, माणूस आजच्या पगारावर नाही, कायम मिळेल असं वाटतं त्या मिळकतीवर खर्च ठरवतो. हे लगेच म्हणाले, “मग माझी कपात तात्पुरती आहे,” आणि नवा टीव्ही बघायला लागले!

फ्रीडमनने खरं तर मालवणात यायला हवं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पावसात पर्यटक नाहीत, हे तुम्हाला आधीच ठाऊक. म्हणून मे महिन्यातच आगोट भरता: सुकी सुंगटं, खारे बांगडे, सोलं, कुळथाचं पीठ, लाकडं. इथे बारा महिने ठरलेला पगार, त्यामुळे साठवण कोणाला सुचलीच नाही.

पण आई, पर्यटकांना भाड्याने देता त्या खोल्या भरायला लागल्यापासून बाबा एसीशिवाय झोपत नाहीत म्हणे? पावसात खोल्या रिकाम्या, बिल मात्र येणार. त्यांना आत्ताच पंख्यावर आणा.

कोणी इकडे येणार असेल तर खारे बांगडे पाठवा.

तुमची सून

ता. क. घरचे पैसे नेहमीइतकेच पाठवलेत. कपातीचं वाडीत कोणाला सांगू नका.