संरक्षणग्रस्त

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात पॉप्लर ब्लफ नावाच्या गावात खिळ्यांचा कारखाना आहे, मिड-कॉन्टिनेंट नेल. २०१८ साली तिथे सुमारे पाचशे माणसं कामाला होती. खिळ्यांसाठीचं पोलाद मेक्सिकोतून यायचं, कारण मालक कंपनी मेक्सिकोचीच. तेवढ्यात वॉशिंग्टनला देशी पोलादाची काळजी वाटू लागली आणि आयात पोलादावर २५ टक्के शुल्क बसलं. पोलादावर, खिळ्यावर नाही. परदेशातला खिळा, म्हणजे तसल्याच पोलादाला एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला टोक काढलेलं, नव्या शुल्कातून सहीसलामत सुटला. कारखान्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि साठ जणांना घरी पाठवलं गेलं. या भागाने ट्रम्प यांना भरभरून मतं दिली होती. त्यामुळे निदान फटका कुणाचा, हे शोधत बसावं लागलं नाही.

खिळे पोलादाचे असतात, हे सरकारच्या लक्षात आलं जानेवारी २०२० मध्ये. मग खिळ्यांवरही २५ टक्के! शोधाला जवळपास दोन वर्षं लागली. याबाबतीत आपल्याकडचं गोरं सरकार तल्लख म्हणायचं. टाटांच्या पोलादाला संरक्षण देणारा कायदा १९२४ मध्ये आला, त्यात तार आणि खिळे पहिल्याच दिवशी घातलेले होते. कच्चा माल महाग केला की त्यापासून वस्तू घडवणारा दुसऱ्या दिवशी दारात उभा राहणार, एवढं त्या साहेबांना ठाऊक होतं.

अर्थात वॉशिंग्टनने सुटकेची सोय ठेवली होती. देशात न मिळणारा माल असेल तर माफीचा अर्ज करा! प्रत्येक मापासाठी वेगळा अर्ज. वीस महिन्यांत एक लाखाहून अधिक अर्ज आले आणि पोलाद न वापरणारा एक नवाच उद्योग भरभराटीला आला: अर्ज लिहिणाऱ्या वकिलांचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या अर्जांचा दरवाजाच बंद झाला. मार्चमध्ये सर्व देशांच्या पोलाद आणि अॅल्युमिनियमवर सरसकट २५ टक्के, ४ जूनला ब्रिटन सोडून बाकी सगळ्यांवर ५० टक्के. दरम्यान अॅल्युमिनियमच्या डब्यातली बिअर यादीत आली, मग फ्रिज आणि वॉशिंग मशीन, आणि ऑगस्टमध्ये एका दमात ४०७ वर्गवाऱ्या: पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, बुलडोझर, फर्निचर. खिळ्याची चूक पुन्हा होऊ नये म्हणून, ज्यात धातू आहे असं जे जे आठवलं ते ते लिहून काढलं असावं.

इथवरचा हिशेब देशाच्या आतला. खरी गंमत माल बाहेर विकणाऱ्याची. भिंत बांधता येते ती आपल्याच सीमेवर. ब्राझीलमधल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर महागात घ्यावा असा आदेश व्हाइट हाउसमधून निघत नाही. तो शेतकरी जगाच्या बाजारभावाने ट्रॅक्टर घेतो. अमेरिकी कारखानदाराने मात्र पोलाद भिंतीआडच्या भावाने घ्यायचं आणि यंत्र भिंतीबाहेरच्या भावाने विकायचं. आयात केलेला कच्चा माल वापरून वस्तू निर्यात केली, तर भरलेलं शुल्क परत मिळावं ही जगभरची जुनी रीत. या धातुशुल्काच्या आदेशात तीही नाकारली: परतावा नाही. आयातदार म्हणून दंड, निर्यातदार म्हणूनही दंड. जॉन डियरने २०२५ च्या आर्थिक वर्षात धातूसह सगळ्या शुल्कांचा बोजा सुमारे ६० कोटी डॉलरचा धरला. पुण्याजवळ सणसवाडीतही याच कंपनीचे ट्रॅक्टर बनतात आणि तिथून निर्यात होतात. आता परदेशातली पुढची ऑर्डर कुठल्या कारखान्याकडे द्यावी, हे कंपनीला कोणी शिकवायला नको.

हार्ली-डेव्हिडसनला ते २०१८ मध्येच सुचलं. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीच्या अधिकाऱ्यांचं व्हाइट हाउसमध्ये अगत्याने स्वागत झालं होतं. पुढे धातुशुल्काला उत्तर म्हणून युरोपने मोटरसायकलवरचं शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर नेलं. एका गाडीमागे सरासरी २,२०० डॉलरचा खड्डा. युरोपसाठीच्या गाड्या आम्ही अमेरिकेबाहेर बनवू, असं कंपनीने जाहीर केलं, आणि सगळ्यात आधी हार्लीनेच पांढरं निशाण दाखवावं याचं राष्ट्राध्यक्षांना आश्चर्य वाटलं.

भारताचं उत्तर अधिक पौष्टिक होतं. जून २०१९ मध्ये आपण अमेरिकेचे बदाम, अक्रोड आणि सफरचंदं धरली. ओहायोच्या भट्टीचं बिल कॅलिफोर्नियाच्या बागेने भरायचं. हे शुल्क उठायला २०२३ उजाडलं.

शुल्क उठलं की सगळं पूर्ववत होतं, हा समजही खोटा आहे. बुश यांनी मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं आणि डिसेंबर २००३ मध्ये मागे घेतलं. अर्थशास्त्रज्ञ लिडिया कॉक्स यांनी त्याचा माग काढला, तर पोलाद जास्त वापरणाऱ्या अमेरिकी उद्योगांची निर्यात त्यानंतर कित्येक वर्षं खालीच राहिलेली दिसली. गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार एकदा शोधला, त्याचे सुटे भाग घेतले, त्याच्या मापाचे साचे बनवले, की राजपत्रातली दुरुस्ती वाचून तो परत येत नाही.

आता आपल्या पुण्याजवळची भोसरी. इथल्या प्रेस शॉपमध्ये ब्रॅकेट ठोकून अमेरिकेला पाठवणारा छोटा कारखानदार मोठा भाग्यवान, कारण त्याचं संरक्षण दोन सरकारं करतात. २१ एप्रिल २०२५ रोजी दिल्लीने ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त येणाऱ्या परदेशी पत्र्यावर १२ टक्के शुल्क लावलं. मागणी अर्थातच पोलाद बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संघटनेची होती. प्रेस शॉपवाल्याला विचारायचं राहून गेलं. तो तेव्हा मशीनवर होता. याच दिल्लीने मे २०२२ मध्ये पोलाद महाग झालं म्हणून निर्यातीवर १५ टक्के कर लावला होता आणि सहा महिन्यांत काढला होता. महाग झालं तरी काळजी, स्वस्त झालं तरी काळजी. पण स्वस्ताईची काळजी जास्त टिकाऊ निघाली.

कागदावर निर्यातदाराला सूट आहे. अॅडव्हान्स ऑथरायझेशन घ्या आणि पत्रा बिनशुल्क आयात करा. फक्त त्यासाठी जहाजाने माल मागवण्याइतका मोठा कारखाना हवा. हा गडी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून टेम्पोभर पत्रा उचलतो. पत्रा देशी, त्यावर आयातशुल्क नाही; पण बाहेरचा माल महागला की देशी भावही मान वर काढतो. त्या चढ्या भावाची पावती कुठल्याच कार्यालयात फुटत नाही, म्हणून परतावाही नाही. जे भरलंच नाही ते परत कसं मागणार? साहेबांचं म्हणणं कायद्याने बिनतोड आहे.

तिकडे अमेरिकेच्या बंदरात २०२५ मध्ये त्याच्या ब्रॅकेटमधल्या पोलादाच्या किमतीवर ५० टक्के बसले. माफी एकाच परिस्थितीत होती: पोलाद अमेरिकेत वितळवून ओतलेलं असलं पाहिजे. म्हणजे पिट्सबर्गहून पत्रा आणायचा, भोसरीत वाकवायचा आणि परत पाठवायचा. अॅल्युमिनियमचं तर आणखी कडक होतं. ते मुळात कुठे गाळलं हे सांगता आलं नाही, तर रशियन समजून २०० टक्के!

त्यामुळे हल्ली ओहायोचा खरेदीदार मालाआधी कूळ विचारतो: पोलाद कुठल्या देशात वितळलं, कुठे ओतलं, हीट नंबर म्हणजे वितळीचा क्रमांक काय, टीसी म्हणजे चाचणीचा दाखला जोडा. कारखानदार कळंबोलीला फोन लावतो. तिथे एकाच कॉइलचे तुकडे तीन हातांतून फिरून आलेले असतात आणि टीसी पहिल्या हातातच राहिलेलं असतं. व्यापारी शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, “शेठ, नक्की काय पाठवू? पत्रा का पत्रिका?”