साठ हजारांच्या रेघा

नवा टीव्ही हुशार असतो, आणि सगळे दुखणे तिथेच आहे. जुना टीव्ही बिचारा सांगितल्या कामाचा. वायरीतून जे येईल ते काचेवर ओतायचे. ते चांगले की वाईट हे बघणे आपले काम नव्हे, असे त्याचे सरळ धोरण होते. नवा आलेले चित्र आधी तपासतो, त्यात सुधारणा सुचवतो, त्या स्वतःच मंजूर करतो आणि मग आपल्याला दाखवतो. तेवढ्यात मारिओ खड्ड्यात पडलेला असतो.

पेडणे महालात, मांद्र्याला आमचे मूळ घर. चवथीला सगळे तिथे जमतो. पूर्वी घुमटांच्या तालावर आरत्या आटोपल्या की मोठी माणसे पत्त्यांना बसायची आणि आम्ही पोरे 'टीव्ही गेम'ला. यंत्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले. जपानच्या निन्तेन्दोने १९८३ साली 'फॅमिकॉम' काढला, त्याची ही कुणीतरी बेमालूम उतरवलेली नक्कल. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले. प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, बदकांची शिकार असे मोजके खेळ. पुढच्या पानांवर तेच, फक्त नावे बदलून. तीच मंडळी दर वेळी नव्या नावाखाली बघायची गोव्याच्या मतदाराला सवय असल्यामुळे घरात कुणी तक्रार केली नाही.

त्याआधी बोटीवरच्या काकांनी अमेरिकेतून अस्सल निन्तेन्दो आणला होता. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरही आणला. बोटीवरच्या माणसाला एवढे कळते. पण तिकडचे चित्र एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साठ वेळा येणारे. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झाले ते पाल पद्धतीत, सेकंदाला पन्नास. त्यामुळे लाल टोपीचा तो मारिओ आमच्या घरी अवतरला तो थेट दादासाहेब फाळक्यांच्या काळातला होऊन, कृष्णधवल. तेही कुणीतरी टीव्हीमागे बसून व्ही-होल्डचे बटण फिरवत राहिले तर. नाहीतर तो तळातून वर, वरून पुन्हा तळात असा सरकत राही. बटण फिरवायला सर्वांत धाकटा भाऊ नेमलेला होता. त्याने मारिओ कधी खेळला नाही, पण आज तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे.

आता घरात मोठा, भिंतीला चिकटलेला टीव्ही आला. गेल्या चवथीला माळ्यावरून बाजारातले ते यंत्र काढले तर जोडायचे कुठे? पिवळी-पांढरी पिन घालायला भोकच नाही. म्हणून काही शे रुपयांची एक डबी मागवली: एका बाजूने पिवळी वायर, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय, आणि वर '१०८०पी' असा गर्विष्ठ शिक्का. चित्र आले. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणल्यामुळे मारिओ मात्र २०१२ पूर्वीच्या, खाणी जोरात असतानाच्या डिचोलीतल्या ट्रकमालकासारखा आडवा सुटला होता. तेही चालले असते. पण बटण दाबल्यावर उडी निघायची ती आपण विसरून गेल्यावर.

उशिराचे आम्हाला वावडे नाही. पेडणे आणि डिचोली म्हणजे नव्या काबिजादी. पोर्तुगीजसुद्धा आमच्याकडे तिसवाडीनंतर अडीचशेक वर्षांनी पोचले. मोपाच्या विमानतळाची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा कुठे २०२३ च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची वाट तर आम्ही अजूनही शांतपणे पाहत आहोत. पण खेळात कासव अंगावर येत असताना वाट पाहणे वेगळे.

डिचोली बाजारात एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत. एकेकाळी एलओटी आणि पिक्चर ट्यूब बदलण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. आता सेट-टॉप बॉक्सचे रिमोट दुरुस्त करतात. त्यांनी कारण सांगितले. दूरदर्शनचे चित्र दोन हप्त्यांत यायचे, आधी विषम ओळी, मग सम. हे खेळ मात्र २४० ओळींचे पूर्ण चित्र दर वेळी एकाच हप्त्यात पाठवतात. नव्या टीव्हीला वाटते की हा पहिलाच हप्ता, दुसरा यायचा आहे. तो थांबतो, नसलेले अर्धे शोधतो, दोन वेगळी चित्रे एकमेकांत शिवतो. त्या शिवणकामात लुकलुकणारी पात्रे कधीकधी साफ गायब होतात. हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाब, पयलीं टीव्ही तापतालो, आतां गिरायक तापता."

यावर उपाय आहे, आणि तो पुतण्याला ठाऊक होता. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या पुतण्याला सगळ्यावर उपाय ठाऊक असतो, फक्त तो डॉलरमध्ये असतो. फिनलंडच्या मार्कुस हीएनकारी यांनी 'ओएसएससी' नावाची पेटी बनवली. ती टीव्हीसारखी विचार करत बसत नाही. आलेली ओळ तिथल्या तिथे दोनदा, तीनदा, पाचदा उतरवते आणि पुढे पाठवते. उशीर जवळजवळ शून्य. मी खिशात हात घातला.

"पण काका, ती पिवळी वायर घेत नाही."

मग माइक ची या गृहस्थांची 'रेट्रोटिंक फोरके'. ही २०२३ च्या डिसेंबरात आली, तेव्हा किंमत ७५० डॉलर, म्हणजे साठ हजारांच्या वर, सीमाशुल्क वेगळे. तिचे गणित मात्र सुरेख आहे. २४० ओळी १०८० ओळींच्या पडद्यावर बसवायच्या तर साडेचारपट करावी लागते, आणि अर्धा ठिपका काढणार कुठून? फोरके टीव्हीच्या ओळी २१६०, म्हणजे बरोबर नऊपट. प्रत्येक ठिपक्याचा नऊ बाय नऊचा लख्ख चौकोन. इतका लख्ख, की मारिओच्या मिशीत किती चौकोन आहेत ते ओसरीवरून मोजता येते.

आणि इथेच गंमत आहे. इतके लख्ख चित्र कुणालाच आवडत नाही. म्हणून त्याच पेटीत जुन्या टीव्हीचे सोंग आणण्याचीही सोय आहे: ओळींच्या मधल्या काळ्या रेघा, काचेमागची जाळी, कडांना थोडा मऊपणा. हे काळजीपूर्वक जुळवायला लोक रात्री जागवतात. पुतण्याने मोबाइलवर नमुना दाखवला. आत्याने चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "इतले पयशे दिवन परत रेघोच?"

यापेक्षा नेमके परीक्षण माझ्या वाचनात नाही. शिवाय ते सोंगही अपुरेच. मांद्र्याला संध्याकाळी व्होल्टेज उतरले की आमच्या टीव्हीवरचे चित्र चारी बाजूंनी आखडायचे आणि मारिओ अंग चोरून पळायचा. साठ हजारांत पेडण्याच्या विजेचा मोड नाही.

बंदुकीचे तर कुठल्याच पेटीला जमत नाही. बदकांच्या खेळात चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. गोळी बंदुकीतून सुटत नाही, उजेड बंदुकीत शिरतो. हे सगळे जुन्या काचेच्या वेगावर बेतलेले. नव्या पडद्यावर तो चौकोन उमटेपर्यंत बंदुकीने पाहणे थांबवलेले असते. बदके अमर झाली आहेत आणि खेळातला कुत्रा दर वेळी गवतातून वर येऊन हसतो.

तेव्हा पेडणे-डिचोलीकरांना विनंती. माळ्यावर, गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला आधार म्हणून कुणाचा फुगीर पाठीचा जुना टीव्ही पडून असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. चालत नसला तरी चालेल. मेकॅनिक अजून आहेत. मला कळवा, मी टेम्पो घेऊन येतो. उचलायला मात्र तुमच्या घरातली दोन दांडगी माणसे लागतील.