लेखनातून कायमची सुट्टी

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, ‘मुलगी काय शिकते?’ हा प्रश्न आता मागे पडला. ‘किती एपी घेतल्या तिनं?’ असं विचारायचं असतं.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास करायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि पाचापैकी चार-पाच आणायचे. इंग्रजीच्या एपीत ते आले की पुष्कळ कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गाला सुट्टी. इलिनॉयमध्ये तर २०१६-१७ पासून कायदाच आहे: तीन आले तरी सरकारी कॉलेजनं क्रेडिट द्यायलाच हवं. लेखन हे कांजिण्यांसारखं असतं, शाळेत येऊन गेलं की पुन्हा होत नाही, असं वैद्यकीय मत यामागे असावं.

इंग्रजी भाषेच्या एपीतला निबंधांचा भाग मोठा शिस्तीचा. सव्वादोन तासांत तीन निबंध. वाचायची पंधरा मिनिटं वजा केली की एकाला चाळीस मिनिटं. प्रत्येकी सहा गुण. मुद्दा मांडल्याचा एक, पुरावे नि विवेचनाचे चार आणि प्रगल्भतेचा एक. प्रगल्भता नाही आली तरी पाचांत भागतं.

हार्वर्ड मात्र अजून मागासलेलं. १८७२ पासून तिथे लेखनाचा वर्ग सक्तीचा आहे, आणि एपीत पाच मिळवलेल्यालाही तो चुकत नाही. प्रिन्स्टनचाही हाच हेका. मास्तर निबंध लिहून घेतात, शेरे मारून परत देतात, पुन्हा लिहायला लावतात. ज्याचा पहिला खर्डा हाच शेवटचा खर्डा, अशा मुलाचा हा छळ नाही तर काय?

पालकांच्या हिशोबाला मात्र हसवत नाही. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आणि कॉलेजातल्या एका विषयाचे अनेक ठिकाणी हजाराच्या वर. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला एक वर्ग वाचला तर त्यानं तो का वाचवू नये? लिहिता येणं ही चैन आहे, आणि ती हार्वर्डला परवडते.

दर जूनमध्ये हे लाखो निबंध तपासायला हजारो शिक्षक बसतात. त्यांत कॉलेजात लेखन शिकवणारेही असतात. सहापैकी सहा देत देत आपल्याच वर्गातले बाक ते एकेक करून रिकामे करतात. मानधन मिळतं.